सिंगापुरातला घाबरलेला मातादोर

सिंगापूरहून सांगलीला परत आल्यापासून लोक मला उंच इमारती, स्वच्छ रस्ते आणि तिथला विमानतळ यांबद्दल विचारतात. मी सांगतो की इमारती उंच आहेत, रस्ते स्वच्छ आहेत आणि विमानतळात झाडं आहेत. एवढ्यावर त्यांचं समाधान होतं. माझं होत नाही, कारण त्या सहलीतली जी गोष्ट मला सांगायची असते ती एका स्पॅनिश बैलाची आणि त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाची आहे. ती ऐकायला कोणी थांबत नाही, म्हणून लिहून काढतो.

आधीच स्पष्ट करतो, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. सिंगापुरात बैलझुंजी होत नाहीत. आम्हाला तिथे रस्त्यावर बैल सोडाच, मोकाट कुत्रंसुद्धा दिसलं नाही. बैल होता पडद्यावर, काळ्यापांढऱ्या जुन्या सिनेमात. पण मी साखर कारखान्यात नोकरीला लागलो तो वजनकाट्यावर. उसाच्या गाड्यांबरोबर आलेले इतके बैल मी जवळून पाहिले आहेत की पडद्यावरचा बैलसुद्धा मी आधी मनातल्या मनात काट्यावर चढवतो. तो पाचशे किलोच्या वरचा होता, यात मला शंका नाही.

सेंगकांग

आमची एकुलती एक मुलगी केतकी सेंगकांगला राहते. ती इंजिनीअर आहे, दवाखान्यात लागणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. जावई कामासाठी व्हिएतनामला गेलेले, त्यामुळे त्या आठवड्यात अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच होतो. मी, माझी पत्नी सुनंदा आणि केतकी.

तिथे कपडे वाळत घालायची पद्धत आपल्याहून वेगळी. गॅलरीत दोरी नसते. लांब काठीवर कपडे ओवायचे आणि ती काठी खिडकीबाहेर, भिंतीतल्या खोबणीत खुपसायची. झेंड्यासारखे कपडे हवेत फडफडतात. पहिल्याच सकाळी सुनंदाने चिमटे न लावता काठी बाहेर सरकवली आणि माझा पंचा उडाला. आम्ही खाली वाकून पाहतो तर तो दहाव्या मजल्यावरच्या काठीवर, कोणाच्यातरी फुलाफुलांच्या ब्लाउजशेजारी जाऊन बसलेला.

थोड्या वेळाने बेल वाजली. दारात साठीच्या पुढची एक ठेंगणी चिनी बाई, हातात माझा पंचा, व्यवस्थित घडी केलेला. या लिम आंटी.

केतकीकडे बघत त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबांचा टॉवेल माझ्याकडे राहायला आला लाह. भाडं नाही देत." 'लाह' हे तिकडे वाक्याला लावायचं शेपूट, आपल्या 'बरं का'सारखं.

सुनंदाला शब्द कळला नाही, हसू कळलं. तिने आंटींना आत ओढलं आणि सांगलीहून नेलेला चिवडा समोर ठेवला. त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पुढच्या दिवसांत त्यांचं काही अडल्याचं मला दिसलं नाही.

दुपारी केतकीने आम्हाला जवळच्या हॉकर सेंटरला जेवायला नेलं. हॉकर सेंटर म्हणजे एका छताखाली पुष्कळ टपऱ्या आणि मध्ये सगळ्यांना मिळून टेबलं. गर्दी होती. एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं न फोडलेलं पाकीट पडलेलं मला दिसलं. कोणीतरी विसरून गेलं असणार. दुसऱ्याची वस्तू जागच्या जागी पोचावी अशी माझी सवय आहे, म्हणून मी ते उचललं, टेबलं पुसणाऱ्या मावशींच्या हातात नेऊन दिलं आणि आम्ही तिथे बसलो. त्या मावशी माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मी त्यांचं घड्याळ काढून त्यांनाच दिलं असावं.

तेवढ्यात टाय लावलेला एक तरुण वाफाळत्या नूडल्सचा ट्रे घेऊन आला आणि आमच्यासमोर खांबासारखा उभा राहिला.

केतकीने डोक्याला हात लावला. "बाबा! ते पाकीट म्हणजे जागा धरलेली असते इथे!"

"पाकिटाने?"

"हो, पाकिटाने!"

मी त्या तरुणाची माफी मागितली, मावशींकडून पाकीट परत आणलं आणि टेबल सोडलं. मग मला आपल्या एस.टी.च्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल आठवला आणि मी मोठ्याने हसलो. फरक इतकाच की आपल्याकडे रुमाल टाकल्यावरही भांडण होतं.

"तुम्ही त्याला म्हणायचं होतंत, आमच्याकडे अख्खी पिशवी टाकतात," सुनंदा म्हणाली.

केतकी हसून हसून डोळे पुसत होती. पुसता पुसता ती गंभीर झाली.

"बाबा, शनिवारी तुम्ही दोघं याल ना माझ्याबरोबर? बुकित तिमाहला?"

तिने सगळं सांगितलं. ती दोन वर्षं स्पॅनिश शिकते आहे. कशासाठी, असं मी पूर्वी फोनवर विचारलं होतं, तर म्हणाली, "आवडतं म्हणून." हे कारण कोणत्या रकान्यात लिहायचं हे मला तेव्हा कळलं नव्हतं, पण मी वाद घातला नाही. तिच्या शिक्षिका पिलारबाई स्पेनच्या. त्या बुकित तिमाहला आपल्या कॉन्डोच्या, म्हणजे फाटकबंद बड्या वसाहतीच्या, हॉलमध्ये महिन्यातून एकदा जुना स्पॅनिश सिनेमा दाखवतात. या वेळच्या सिनेमाला खाली इंग्रजी अक्षरं नव्हती. बाईंनी केतकीला सांगितलं होतं की तू माईक घेऊन बाजूला उभी राहा आणि पडद्यावर जे बोललं जाईल ते इंग्रजीत सांगत जा.

"मग सांग की," मी म्हणालो. "तुला येतं."

"येणं न येण्याचा प्रश्न नाही हो." ती चमच्याने ताटातला भात इकडून तिकडे करत होती. "गेल्या वर्षी कंपनीत मोठं प्रेझेंटेशन होतं. मी उभी राहिले आणि मध्येच सगळं गेलं. एक शब्द नाही. समोर सगळे बघतायत आणि मी नुसती उभी. शेवटी माझ्या सहकाऱ्याने पुढचं सांगितलं. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी त्यालाच पुढे करते. काम माझं, बोलतो तो." मग ती म्हणाली, "हा शनिवार मी मुद्दाम मागून घेतलाय. हेही जमलं नाही तर मी परत आयुष्यात माईक हातात धरणार नाही."

मी विचारलं, "सिनेमा कशाचा आहे?"

"मातादोरचा. बैलाशी झुंजणाऱ्याचा. पण झुंजीपेक्षा त्याच्या भीतीचा."

"बैलाला मारतात त्यात?" सुनंदाने विचारलं.

"हो आई. शेवटी मारतात."

सुनंदा शेतकऱ्याची मुलगी. तिच्या माहेरी बेंदराच्या दिवशी बैलांना पुरणपोळी आधी आणि माणसांना नंतर. ती म्हणाली, "मी येईन. बघणार नाही."

हौगांग

दुसऱ्या दिवशी लिम आंटी आम्हाला हौगांगच्या बाजारात घेऊन गेल्या. त्यांचं बालपण तिकडे गेलेलं, त्यामुळे सेंगकांगच्या नव्या दुकानांवर त्यांचा विश्वास नव्हता. बाजार ओला, गजबजलेला आणि तरी धुतलेला. मासळीच्या फळीखालून पाणी वाहत होतं, पण वास आपल्या मंडईपेक्षा कमी. सुनंदाने पालेभाज्यांपुढे उभं राहून एकेक जुडी हातात घेऊन वास घेतला. त्यातली निम्मी नावं आंटींनाही इंग्रजीत येत नव्हती. एका पाल्याबद्दल त्यांनी पोटावर हात फिरवला आणि अंगठा वर केला. सुनंदाने तो घेतला. संध्याकाळी लसणाची फोडणी दिल्यावर अगदी आपल्या चाकवतासारखा लागला.

खाटकाच्या दुकानापाशी आंटी नाक मुरडून पुढे सरकल्या. त्या बीफ खात नाहीत, असं केतकीने सांगितलं. त्या क्वान यिन देवीच्या भक्त, आणि त्या देवीला मानणारे बरेच लोक गाईबैलाचं मांस खात नाहीत. शिवाय त्यांचा जन्म चिनी पंचांगातल्या बैलाच्या वर्षातला.

आंटींनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी बैल लाह! हट्टी! माझ्या नवऱ्याला विचारा."

हे भाषांतर होताच सुनंदाने त्यांचा हात धरला तो बाजार संपेपर्यंत सोडला नाही. शनिवारी आंटीही सिनेमाला येणार हे तिथेच ठरलं.

त्या संध्याकाळपासून तालीम सुरू झाली. तालमीची रीत आमच्या घरची होती, जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. सुनंदा स्वयंपाकघरात स्टुलावर बसून भाजी निवडायची, लॅपटॉपकडे पाठ करून, कारण तिला बैल मरताना बघायचा नव्हता. पण पुढे काय झालं हे तर हवं होतं. म्हणून केतकी बाईंनी सरावासाठी दिलेला सिनेमा लावायची आणि आईला सगळं मराठीत सांगायची. मी मध्ये एकदा म्हणालो की इंग्रजीत सराव कर, कार्यक्रम इंग्रजीत आहे.

"करते बाबा. आधी आईला कळू दे."

सुनंदाने प्रश्न विचारून विचारून तिला भंडावून सोडलं. तो जेवत का नाही? कारण शिंग लागून जखम झाली तर डॉक्टरांना ताबडतोब ऑपरेशन करता यावं, म्हणून मातादोर त्या दिवशी दुपारचं जेवत नाहीत. सारखा खिडकीबाहेर काय बघतो? वारा बघतो. वाऱ्याने हातातलं कापड उडालं तर बैलाला त्याचं अंग दिसेल. दुसऱ्यांदा दाढी का करतोय? तिथले लोक म्हणतात की भीतीने दाढी लवकर वाढते.

शेवटच्यावर माझा विश्वास बसला नाही, पण सुनंदा म्हणाली, "असेल की. आमचा दादा शर्यतीच्या सकाळी भाकरीला हात लावायचा नाही. बैलांची शिंगं पुसत बसायचा. पुसलेलीच परत पुसायचा. कोणी बोललं तर अंगावर यायचा."

तिचा भाऊ बैलगाड्यांच्या शर्यतीत गाडी हाकायचा. आम्ही सगळे त्याला वाघ म्हणायचो. तो घाबरायचा, हे आमच्या लग्नानंतर इतक्या वर्षांनी मी सिंगापुरात ऐकलं.

बुकित तिमाह

शनिवारी दुपारी आम्ही चौघं निघालो. लिटल इंडिया स्टेशनला मेट्रो बदलली. वाटेत केतकीच्या हातात पाण्याची बाटली होती आणि ती झाकण उघडत होती, लावत होती, पीत मात्र नव्हती.

बुकित तिमाहला सेंगकांगची दाटी नाही. मोठी झाडं, बंगले, आणि झाडांत लपलेले कॉन्डो. फाटकावर पहारेकरी, आत पोहायचा निळाशार तलाव आणि त्याच्या शेजारी सगळ्या रहिवाशांसाठीचा हॉल. तिथे खुर्च्या मांडलेल्या, अंदाजे चाळीस. स्पॅनिश लोक थोडे, बाकी चिनी, तमिळ, दोनचार गोरे आणि आम्ही. पिलारबाई सत्तरीकडे झुकलेल्या, ताठ, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. त्यांनी आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं आणि केतकीचे दोन्ही हात धरून तिला स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?" सुनंदाने विचारलं.

"म्हणाल्या, तुझे हात बर्फासारखे आहेत, छान." केतकीचा चेहरा पांढरा पडला होता. "यात छान काय आहे?"

दिवे मंदावले. केतकी पडद्याच्या डाव्या बाजूला छोट्या दिव्याखाली माईक घेऊन उभी राहिली.

मला सिनेमातलं खोटं फार लवकर दिसतं आणि मग माझं लक्ष उडतं. आपल्या सिनेमात नायक घाबरत नाही. घाबरायचं काम विनोदी नटाकडे असतं. म्हणून मी थोड्या अविश्वासानेच बसलो होतो. पण या सिनेमात नायक म्हणून घेतलेला माणूस नट नव्हता, खराखुरा मातादोर होता, आणि रिंगणही खरं होतं. गोष्ट एका दिवसाची. मागच्या झुंजीत त्याला शिंग लागलेलं आहे आणि आज तो पहिल्यांदा परत उतरणार आहे. सकाळी तो उठतो तिथे सिनेमा सुरू होतो. तो हात धुतो. परत धुतो. पाव तोंडात घालतो आणि त्याला तो गिळता येत नाही. कोणी संगीत वाजवून आपल्याला सांगत नाही की आता घाबरा. नुसता तो पावाचा घास गालात तसाच दिसत राहतो.

केतकीने सुरुवात ठीक केली. आवाज बारीक होता, पण इंग्रजी स्पष्ट. मी श्वास सोडला. मग हॉटेलात पत्रकार येतात, सगळे एकदम बोलायला लागतात, आणि ती अडखळली. एक वाक्य अर्ध्यावर सुटलं. दुसरं सुरूच झालं नाही. पडद्यावर माणसं बोलत होती आणि हॉलमध्ये शांतता. मागे कोणाचीतरी खुर्ची करकरली. केतकीने माईक दोन्ही हातांनी धरला होता. मला वाटलं, आता ती तो ठेवणार.

पत्रकार गेले. खोलीत मातादोर आणि त्याला कपडे चढवणारा म्हातारा एवढेच राहिले. मातादोर आरशासमोर बसून गालाला साबण लावतो.

आणि माईकवरून केतकीचा आवाज आला, शांत, ओळखीचा: "बरं का आई, आता तो दुसऱ्यांदा दाढी करतोय."

मी दचकून तिच्याकडे पाहिलं. तिचं लक्ष पडद्यावर होतं. ती बोलत राहिली. म्हातारा त्याला विचारतो, वारा कसा आहे. तो म्हणतो, पडला. म्हातारा म्हणतो, खोटं बोलतोस, झाडं हलतायत. जरीचा तो जड पोशाख एकेक करून अंगावर चढतो, कमरेचा पट्टा गुंडाळायला मातादोर स्वतःभोवती गिरक्या घेतो, आणि या सगळ्याचं अस्खलित, सुरेख मराठी बुकित तिमाहच्या त्या हॉलमध्ये ऐकू येत होतं. एक शब्दही अडत नव्हता. आपण मराठीत बोलतोय हे तिच्या गावीही नव्हतं.

माझी पंचाईत झाली. कार्यक्रम इंग्रजीत ठरलेला. चाळीस माणसांतल्या सदतीसअडतीस जणांना तिचं बोलणं कळत नव्हतं. चूक दिसल्यावर ती सांगितली नाही तर मला झोप लागत नाही, हा माझा स्वभाव. पण सांगितली तर ती जागी होईल आणि मग उभी राहील का? मी हात अर्धा वर केला. तेवढ्यात कडेला यंत्रापाशी बसलेल्या पिलारबाईंशी नजरानजर झाली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. मी हात खाली घेतला. मागे वळून पाहिलं. कोणी कुजबुजत नव्हतं. सगळे त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत होते. माझ्या शेजारी लिम आंटींनी तर डोळे पुसले, आणि त्यांना मराठीतलं फक्त 'चिवडा' येतं.

पोशाख पूर्ण होतो. म्हातारा दार उघडतो. मातादोर हलत नाही. पलंगाच्या काठावर बसतो आणि हळू बोलतो. केतकीही तितक्याच हळू बोलली:

"आज माझ्याच्यानं होणार नाही. पाय माझे राहिलेले नाहीत. मला भीती वाटतेय."

"मग जातोस कशाला बाबा!" सुनंदा खुर्चीतून अर्धी उठून ओरडली. "ऊठ, चल घरी!"

मग मागून कोणीतरी फुसकन हसलं आणि अख्खा हॉल हसायला लागला. भाषेची कोणाला गरज पडली नाही. काय म्हणाली असेल हे बाईच्या हातवाऱ्यावरून स्पेनच्या माणसालाही कळलं आणि चीनच्याही. लिम आंटी टाळ्या वाजवून म्हणाल्या, "करेक्ट लाह!"

केतकी माईक हातात घेऊन आईकडे बघत होती. मग तिला कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. पिलारबाईंनी चित्र थांबवलं.

आणि केतकी हसली. हॉकर सेंटरमध्ये हसली होती तशी, खांदे हलवून, डोळे पुसत. माईक तोंडाजवळच होता, त्यामुळे ते हसू सगळ्या हॉलभर पसरलं.

"सॉरी," ती इंग्रजीत म्हणाली. "मी आईला सांगत होते. हा म्हणाला, मला भीती वाटतेय. आई म्हणाली, घरी चल."

परत हशा. सरदारजीसारखी दाढी असलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने मागून विचारलं, "मग तो ऐकतो का तिचं?"

"बघू या," केतकी म्हणाली आणि तिने पिलारबाईंना खूण केली.

तो ऐकत नाही. जिना उतरतो. पुढचं सगळं केतकीने इंग्रजीत सांगितलं, आणि तोच शांत आवाज होता. सुनंदाने मात्र रिंगण दिसताच खुर्ची उलटी फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसली, म्हणजे सगळ्या प्रेक्षकांकडे तोंड करून. मी तिला कोपराने खुणावलं. तिने लक्ष दिलं नाही. मागच्या रांगांतल्या लोकांना पडद्यावर बैलझुंज आणि पडद्याखाली सुनंदाचा चेहरा, असे दोन सिनेमे एकदम पाहायला मिळाले.

तीन मातादोर, सहा बैल, असा त्या दुपारचा हिशेब असतो. आपल्या माणसाच्या वाट्याला दोन. पहिल्या बैलापुढे त्याचे पाय मागे सरकतात. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर जात नाही, पायांवरच राहतो. वाळूत मागे मागे जाणारे दोन पाय. लोक शिट्ट्या मारतात आणि बसायच्या गाद्या रिंगणात भिरकावतात. शर्यतीच्या मैदानावर हरलेल्या गाडीवानाला काय ऐकावं लागतं हे मला माहीत आहे. ते शब्द मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या बैलापुढे तो तितकाच घाबरलेला असतो. हे मला सर्वांत पटलं. त्याला कोणी स्फूर्ती देत नाही, आईचा फोटो दिसत नाही, काही नाही. ओठ कोरडे, मान ताठ. फरक एवढाच की पाय हलत नाहीत. बैल त्याच्या कमरेला घासून जातो आणि जरीवर रक्त लागतं, बैलाचं. शेवटचा वार आपल्याला दाखवत नाहीत. त्या वेळी कॅमेरा असतो रिंगणामागच्या दवाखान्यात. डॉक्टर हत्यारं मांडून बसलेला आहे, बाहेरचा गलका ऐकतो आहे. गलक्याचा सूर बदलतो. डॉक्टर एकेक हत्यार उचलून पेटीत परत ठेवतो.

त्या शांततेत सुनंदाने विचारलं, "मेला का?"

"कोण, आई?" केतकीने माईकवरूनच विचारलं.

"बैल."

"हो."

सुनंदाने हात जोडले. लिम आंटींनी तिच्याकडे पाहून आपलेही जोडले. माणूस वाचला याचा आनंद आणि बैल मेल्याचं वाईट, या दोन रकमा मी आजही वेगवेगळ्या ठेवतो. एकीतून दुसरी वजा करत नाही.

सिनेमा संपल्यावर थोडी चर्चा करायची तिथली प्रथा आहे. पिलारबाईंनी तलावाकाठच्या टेबलावर बटाट्याचं जाड ऑम्लेट कापून ठेवलं होतं. सुनंदाने त्यात हिरवी मिरची हवी होती असं मत दिलं, आणि तरी दोन तुकडे खाल्ले. आम्ही परत आत हॉलमध्ये येऊन बसलो तेव्हा चष्मा लावलेल्या एका चिनी तरुणीने पिलारबाईंना प्रश्न विचारला, "भीती कमी होत नसेल, तर मग दुसऱ्या वेळी बदललं काय?"

बाईंनी स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायला तोंड उघडलं. केतकीने ते इंग्रजीत सांगायचं, असं ठरलेलं. पण केतकीनेच माईक वर केला.

"मी सांगू?" ती म्हणाली. "गेल्या वर्षी मी आमच्या कंपनीत साठ माणसांपुढे उभी राहिले आणि मला स्वतःचं नावसुद्धा आठवेना."

आणि तिने ते सगळं सांगितलं. जे तिने आम्हालाही वर्षभर सांगितलं नव्हतं ते अनोळखी लोकांना, खुलवून, सहकाऱ्याची नक्कल करून. लोक हसत होते. हसता हसता एकाने स्वतःचा अनुभव सांगितला, तर केतकीने त्याला उलट प्रश्न विचारला. मग कपडे चढवणारा म्हातारा तिला मातादोरपेक्षा शूर का वाटतो ते सांगायला लागली. ते कारण मला पूर्ण पटलं नाही, पण मुद्देसूद होतं.

तोवर हॉलच्या दारात दुसरी मंडळी येऊन उभी राहिली. आमच्यानंतरच्या वेळेसाठी त्यांनी हॉल घेतला होता. कोणाच्यातरी वाढदिवसाचे फुगे, मोठा केक, आणि कागदी टोप्या घातलेली दहाबारा मुलं. त्यांच्यामागून पहारेकरी आत डोकावला आणि त्याने मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. पिलारबाई उठल्या, हसत केतकीपाशी गेल्या आणि माईकसाठी हात पुढे केला.

केतकी म्हणाली, "एकच मिनिट," आणि माईक दुसऱ्या हातात घेऊन पुढे बोलायला लागली. केकवाली मंडळी हळूहळू आत येऊन रिकाम्या खुर्च्यांवर बसली.